तगर ते शूर्पारक : वैशाखातील धम्मयात्रा

चैत्र वद्यात संत गोरोबाकाकांची यात्रा भरते आणि तेरणेच्या काठचे आपले तेर माणसांनी फुलून जाते. दिंड्या येतात, दुकाने लागतात, परगावी गेलेली मंडळी घरी परततात. यात्रा पांगते न पांगते तोच वैशाख उजाडतो. शाळेला सुट्टी लागते, वसतिगृहातील मुले आपापल्या गावी जातात आणि बौद्ध कुटुंबांना वैशाख पौर्णिमेचे वेध लागतात. भगवान बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटनांची स्मृती जपणारा हा महिना आहे. या महिन्यात मुलांना कोठे न्यावे, असे पालक नेहमी विचारतात. बुद्धगया, सारनाथ, लुंबिनी ही नावे साहजिकच पुढे येतात. परंतु प्रवासाचा खर्च आणि दिवस यांचा मेळ सर्वांनाच बसत नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे एक जवळचे नाव ठेवू इच्छितो. ते म्हणजे मुंबईच्या उत्तरेस, पालघर जिल्ह्यातील सोपारे. आजचे नालासोपारा, प्राचीन शूर्पारक. पश्चिम किनाऱ्यावरील हे एक अत्यंत जुने बंदर. तेर आणि सोपारे यांचे नाते काय, तेथे आज काय पाहावयाचे आणि ते कशा दृष्टीने पाहावयाचे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आपले तगर

बंदर पाहण्यास निघण्यापूर्वी त्या बंदराकडे माल पाठविणारे नगर पाहिले पाहिजे, आणि ते तर आपल्या उंबरठ्याशीच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीने ‘पेरिप्लस’ नावाची व्यापारमार्गाची माहितीपुस्तिका लिहिली. दक्षिणापथातील दोन पेठा तिने विशेष महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या आहेत : एक पैठण आणि दुसरी तगर. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर, असे तिचे वर्णन आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम मलमल व इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोचला नेला जाई. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव आहे. हे तगर म्हणजेच आपले तेर, ही गोष्ट जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली साधार मांडली.

पुस्तकातील या नोंदीला तेरच्या मातीने दुजोरा दिला. येथील टेकाडांत सातवाहनांची नाणी, मातीच्या व शंखाच्या वस्तू, मणी आणि रोमन जगाशी संबंध दाखविणाऱ्या वस्तू सापडल्या. गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या. त्यांचा तो संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती अवश्य पाहावी. तिच्याशी साम्य असलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडली. पाँपेई नगर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्या सालापूर्वीच अशी नाजूक वस्तू समुद्र ओलांडून तेथवर पोहोचली होती.

गावातील त्रिविक्रम मंदिराची विटांची जुनी वास्तू मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे आणि तिचे छप्पर गजपृष्ठाकार आहे. मूळची ही वास्तू बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. आज ती विष्णूचे मंदिर आहे आणि भाविकांची तेथे श्रद्धा आहे. तिचा आदर राखूनच मुलांना ती वास्तू बाहेरून एक फेरी मारून दाखवावी. कार्ले, भाजे येथे कातळात कोरलेल्या चैत्याचा घाट आपल्या गावात विटांमध्ये उभा आहे, हे त्यांच्या ध्यानात यावे. धम्म आपल्याकडे १९५६ साली परक्या मुलखातून आला नाही. तो आपल्याच मातीखाली होता आणि बाबासाहेबांनी त्याची आपल्याला पुन्हा ओळख करून दिली, हे सांगण्यास याहून चांगली जागा नाही.

बंदराकडे जाणारी वाट

पेरिप्लसमध्ये भडोचनंतरच्या पेठा क्रमाने दिल्या आहेत. त्यांत ‘सुप्पारा’ म्हणजे सोपारे आणि ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण ही नावे येतात. तगरला ही बंदरे जवळची असताना माल इतक्या दूर भडोचला का जात होता? याचे उत्तरही त्या पुस्तिकेत आहे. कल्याण बंदरात व्यापाराला अडथळा केला जाई आणि तेथे उतरणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचकडे वळविली जाण्याचा संभव असे. क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातील संघर्षाची ही छाया होती. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला आणि कोकणचा किनारा सातवाहनांकडे आला.

देशावरून किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वाटा सह्याद्रीच्या घाटांनी ठरविल्या होत्या. पैठणकडून जुन्नर, तेथून नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपारे, ही एक मोठी वाट. दुसरी बोरघाटाची. या दोन्ही वाटांच्या आसपास लेण्यांची दाटी आहे, हा योगायोग नव्हे. व्यापारी तांड्यांना विसावा हवा होता, भिक्खूंना पावसाळ्यात वर्षावासासाठी निवारा हवा होता, आणि दाते होते ते व्यापारी, कारागीर, शेतकरी व गृहिणी. कार्ल्याच्या चैत्यातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या व्यक्तीच्या दानाचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारे येथे त्याने प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधली, विहिरी व तळी खोदली आणि नद्यांवर विनामूल्य होड्या ठेवल्या, अशी नोंद तेथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्यात वाटसरूच्या मुक्कामाची सोय होती, ती अशी.

या दोन गावांचा धागा मध्ययुगातही टिकून राहिला. उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुराचे स्वामी’ म्हणवीत. सोपारे त्यांच्याच राज्यात होते. किनाऱ्यावर सत्ता असतानाही त्या घराण्याला मूळ गाव म्हणून आपल्या तेरचे नाव मिरवावेसे वाटले!

शूर्पारकचा पूर्ण

बौद्ध वाङ्मयात शूर्पारक वारंवार येते. श्रीलंकेच्या ‘महावंसा’प्रमाणे लंकेस निघालेल्या राजपुत्र विजयाची गलबते आधी सुप्पारक येथे लागली. तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात, म्हणजे या किनारपट्टीवर, योनक धम्मरक्खित थेर यांना आणि महारट्ठात महाधम्मरक्खित थेर यांना पाठविण्यात आले, असेही तेथे सांगितले आहे.

परंतु आपल्या मुलांना सांगावी अशी कथा पूर्णाची आहे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात ती विस्ताराने येते. पूर्ण हा शूर्पारकच्या भव नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा, पण त्याची आई त्या घरातील दासी होती. वडिलांच्या मागे वाटण्या झाल्या, तेव्हा त्याला घराबाहेर पडावे लागले. हाती काही नसताना त्याने चंदनाची पारख केली, व्यापार वाढविला आणि अनेक समुद्रप्रवास केले. अशाच एका प्रवासात श्रावस्तीचे व्यापारी पहाटे बुद्धवचनांचे पठण करताना त्याने ऐकले. ही गीते कोणाची, असे त्याने विचारले आणि त्या एका प्रश्नाने त्याचे आयुष्य पालटले.

पाली ‘मज्झिम निकाया’तील पुण्णोवाद सुत्तात हाच पुण्ण सूनापरान्तात जाण्याची अनुज्ञा मागतो. तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील, असे तथागत विचारतात. त्यांनी हात उगारला नाही हे भलेपणच मानीन, असे तो म्हणतो. हाताने मारले तर? ढेकळे मारली नाहीत. ढेकळे मारली तर? काठी उचलली नाही. प्रश्न शस्त्रापर्यंत आणि मरणापर्यंत जातात, तरी पुण्णाचे मन ढळत नाही. तेव्हा त्याला जाण्याची अनुज्ञा मिळते. दासीपुत्र म्हणून घराबाहेर पडलेला मुलगा शिकून, जग पाहून, आपल्याच मुलखात धम्म घेऊन परततो. ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांच्या, शेतमजुरांच्या मुलांनी भरलेल्या वसतिगृहात या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१८८२ चा एप्रिल

सोपारे गावात ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखले जाणारे एक टेकाड होते. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले, तेव्हा तो विटांचा स्तूप असल्याचे उघड झाले. मध्यभागी विटांच्या कप्प्यात दगडी करंडक होता. त्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती मांडलेल्या होत्या : सात बुद्ध आणि आठवा भावी मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा, अशा एकात एक डब्या होत्या. सर्वांत आतील सोन्याच्या डबीत सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते.

सोन्याच्या डबीत जपले होते ते मातीचे खापर! मौल्यवान काय, याविषयी त्या काळच्या उपासकांची समजूत यातून कळते. ते पात्र तथागतांचे आहे, अशा श्रद्धेनेच त्यांनी ते ठेवले असावे. त्याबरोबर गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणेही मिळाले. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे आणि मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातील. यावरून या स्तूपाची उपासना अनेक शतके चालू होती आणि तो मध्ये पुन्हा उघडून सांभाळण्यात आला होता, असे दिसते. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

भगवानलाल (१८३९–१८८८) हे मूळचे जुनागढचे. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या अशोकाच्या लेखामुळे त्यांना ब्राह्मी लिपीचा ध्यास लागला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्यांनी काम केले. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतलेली नव्हती. ते गुजरातीत लिहीत आणि स्नेही त्यांचे लेखन इंग्रजीत आणीत. तरीही हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेरचे लामतुरे आणि सोपाऱ्याचा स्तूप उजेडात आणणारे भगवानलाल, दोघांनीही पायाखालच्या मातीकडे लक्ष दिले, एवढे मुलांना सांगितले तरी पुरे.

दोन शिळा : यात्रा आणि मंगल

सोपाऱ्याचे सर्वांत मोठे धन मात्र दगडावरील अक्षरे हे आहे. सम्राट अशोकाचे चौदा मोठे शिलालेख गिरनार, कालसी, शाहबाजगढी अशा ठिकाणी आहेत. सोपाऱ्यातही ती मालिका असावी. त्यांपैकी आठव्या लेखाचा तुकडा भगवानलालांना १८८२ सालीच मिळाला आणि नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात १९५६ साली मिळाला. चौदांपैकी काळाने आपल्यासाठी हेच दोन राखावेत, याचे नवल वाटते. कारण आठवा लेख यात्रेविषयी आहे आणि नववा मंगलविधींविषयी. सणाच्या महिन्यात प्रवासास निघालेल्या माणसाला याहून उपयोगी वाचन कोणते असणार?

आठव्या लेखाचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रा करीत. येथे ‘विहार’ म्हणजे मौज. शिकार आणि करमणूक यांसाठीचा प्रवास. राज्याभिषेकानंतर दहा वर्षे झाली असता प्रियदर्शी राजा संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत काय करावयाचे? श्रमण-ब्राह्मणांची भेट घ्यावयाची व त्यांना दान द्यावयाचे; वृद्धांना भेटून त्यांना द्रव्यसाहाय्य करावयाचे; खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलावयाचे. स्थळ पाहून येणे एवढ्यावर राजाने ही यात्रा थांबविली नाही. तिचा मोठा भाग माणसांना भेटण्याचा आहे.

नववा लेख म्हणतो : आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासास निघताना लोक नाना मंगलविधी करतात. त्यांचे फळ अल्प. मोठे फळ देणारे मंगल म्हणजे धम्ममंगल. दास आणि नोकर यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान, हे ते मंगल. दास-नोकरांचा उल्लेख या यादीत अगदी आरंभी आहे, हे विसरता कामा नये.

पौर्णिमेला पांढरी वस्त्रे, पुष्पहार, ध्वज, ध्वनिक्षेपक या सर्वांत आपला उत्साह दिसतो. तो असावाच. पण या दोन लेखांची कसोटी लावली तर काही प्रश्न आपल्याला स्वतःस विचारावे लागतील. मिरवणुकीनंतर रस्ता कोण झाडतो? मंडप घालणाऱ्याची मजुरी वेळेवर पोहोचते का? वस्तीतील एकाकी वृद्धांकडे त्या दिवशी कोणी जाते का?

वैशाखाचा महिना

२४ मे १९५६ रोजी, बुद्धजयंतीच्या दिवशी, मुंबईच्या नरे पार्कमधील सभेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षा घेणार असल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते वचन पूर्ण झाले. सोपाऱ्याचा नववा लेख त्याच वर्षी मिळाला. तेव्हापासून महाराष्ट्रातील वैशाख पौर्णिमेला नवा अर्थ आला. सोपाऱ्याच्या स्तूपावरही त्या दिवशी उपासक-उपासिका येतात, त्रिशरण-पंचशील ग्रहण करतात आणि वंदना होते.

जगातही हा महिना साजरा होतो. श्रीलंकेत ‘वेसाक’च्या दिवसांत घराघरांवर आकाशकंदील लागतात आणि रस्त्याच्या कडेला ‘दन्सल’ उभारून येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही विनामूल्य जेवण, सरबत दिले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९९ मध्ये या दिवसाला मान्यता दिली. आपल्याकडील खीरदान त्याच परंपरेतील आहे.

कसे जावे, काय पाहावे

धाराशिवहून लातूर–मुंबई रेल्वे बार्शी, कुर्डुवाडी, पुणे करीत बोरघाट उतरते. वाटेत मळवलीजवळ कार्ले-भाजे ही लेणी आहेत; सवड असेल तर एक दिवस तेथे द्यावा. दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या विरारकडे जाणाऱ्या लोकलने नालासोपारा गाठावे. स्तूप पश्चिमेच्या बाजूस सोपारे गावात आहे. स्थानकापासून रिक्षा मिळते.

दोन गोष्टींची तयारी ठेवावी. पहिली हवेची. आपल्याकडचे ऊन कोरडे, किनाऱ्यावरचे दमट. तेथे घाम वाळत नाही आणि लहान मुले लवकर थकतात. म्हणून स्तूप सकाळी नऊच्या आत पाहावा, पाणी व टोपी बरोबर ठेवावी आणि दुपार सावलीत काढावी. दुसरी तयारी मनाची. अजिंठ्यासारखे भव्य असे येथे काही नाही. विटांचा एक उंचवटा, थोडी झाडी आणि चहूकडून आलेली दाट वस्ती. समुद्रही समोर दिसत नाही, कारण ज्या खाडीने गलबते येत ती गाळाने भरत गेली आणि बंदराचे महत्त्व ओसरले. पुढे जवळच्या वसईने ती जागा घेतली. १५३४ पासून पोर्तुगीज आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर मराठे तेथे आले. वसईचा किल्ला दुसऱ्या दिवशी पाहता येईल. तिसऱ्या दिवशी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा अशोककालीन लेख पाहावा. मुलांनी आधी ब्राह्मीची पाच-दहा अक्षरे गिरवून नेली, तर दगडावर ती ओळखताना होणारा आनंद त्यांच्या कायम लक्षात राहील.

स्तूपावर चढू नये, विटांना हात लावू नये, मेणबत्त्या विटांवर चिकटवू नयेत. वंदना झाल्यावर थोडा वेळ शांत बसावे. याच सुप्पारकच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या बाहियाला तथागतांनी दिलेला उपदेश असा होता की, पाहताना केवळ पाहावे, ऐकताना केवळ ऐकावे. छायाचित्रे काढण्यापूर्वी मुलांना पाच मिनिटे तसे पाहू द्यावे.

माजी विद्यार्थ्यांस विनंती

आपले कितीतरी माजी विद्यार्थी रोजगारासाठी कल्याण, वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात राहतात. तगरचा माल ज्या बंदरांकडे जात असे, तिकडेच आज तगरची माणसे गेली आहेत. रोज लोकलने सोपाऱ्यावरून जाणाऱ्यांपैकी अनेकांनी स्तूप पाहिलेला नसेल. त्यांना आमचे सांगणे आहे की, येत्या वैशाखात आपल्या मुलांना घेऊन तेथे जावे, आणि गावाकडची मुले आली तर उषवदाताच्या विश्रामगृहाची आठवण ठेवून त्यांना एका रात्रीचा आसरा द्यावा.

गावी राहणाऱ्यांचेही काम आहे. सोपाऱ्याचा स्तूप राहिला तो वेळेवर ओळखला गेला म्हणून. तेरच्या टेकाडांत अजून पुष्कळ दडलेले आहे. नांगरताना मणी, नाणे, खापर, विटांची ओळ लागली तर ती विकू नये, फोडू नये, संग्रहालयात कळवावे. मुलांच्या खिशात असा मणी सापडला तर रागावू नये, त्याला तो कोठे मिळाला ते विचारावे आणि त्याच्याबरोबर संग्रहालयाची पायरी चढावी. सोपाऱ्याच्या धम्मयात्रेस निघण्याची तीच पहिली तयारी होय.